‘अनटच्ड’ किनाऱ्यावरची गर्दी

रील साधारण तीस सेकंदांचं असतं. पहिल्या तीन सेकंदांत ड्रोन वर जातो. डावीकडे सुरूचं बन, उजवीकडे पाणी आणि मधोमध वाळूची रिकामी पट्टी. मग सुरूच्या दोन झाडांना बांधलेला झुला, त्यात एक मुलगी, पाठमोरी. मग सुरमई थाळी वरून. मग सूर्यास्त. खाली लिहिलेलं: ‘महाराष्ट्रातलं मिनी मालदीव! अजून कुणालाच माहीत नाही. सेव्ह करून ठेवा.’

हे मी शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्याबद्दल पाहिलं. नंतर मोचेमाडबद्दल, सागरेश्वरबद्दल, कोंडुऱ्याबद्दल. गाणं बदललं, झुल्याचा रंग बदलला, बाकी सगळं तेच. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला वेंगुर्ल्यापासून रेडीपर्यंतची ही किनारपट्टी तशी चिमुकली आहे. बाइकवर एका दिवसात आरामात होते. त्या एका दिवसात कुणालाच माहीत नसलेले पाचेक किनारे लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी पार्किंगला जागा नसते.

यावर हसणं सोपं आहे. मलाही हसू आलं, पण त्याच रीलवरून मी तिथली खोली बुक केली होती. तेव्हा वरून बघून नाक मुरडायचा अधिकार मला नाही. मला एवढंच करायचं आहे: रील, रिसॉर्टच्या पेजवरचा मजकूर आणि ‘दोन रात्री तीन दिवस’वालं पॅकेज हा एक साहित्यप्रकार आहे असं धरून तो वाचायचा. कारण आज कोकणावर सर्वांत जास्त वाचलं जाणारं मराठी लेखन बहुधा हेच आहे. त्याला समीक्षा मिळत नाही, फक्त लाइक मिळतात.

या प्रकाराचा पहिला नियम म्हणजे उपमा. कुठलाही किनारा स्वतःसारखा नसतो. तो मिनी गोवा असतो, मिनी मालदीव असतो, थोडा जुना मजकूर असेल तर ‘कोकणातलं केरळ’ असतो. वेळागरला मिनी गोवा म्हणणं तर विशेषच गमतीचं, कारण खरा, पूर्ण आकाराचा गोवा तिथून काही किलोमीटरवर आहे. तेरेखोलची खाडी ही सीमा मानली जाते, पण खाडीच्या अलीकडे, आपल्या बाजूला असलेला तेरेखोलचा किल्लासुद्धा गोव्यात मोडतो. मालदीवची उपमा तर भूगोलालाच झेपत नाही. मालदीव म्हणजे प्रवाळाची कंकणाकृती बेटं. पांढरी वाळू प्रवाळाच्या चुऱ्याची, आणि पाणी उथळ, स्वच्छ, म्हणून निळं. आपला किनारा जांभ्याच्या कड्यांचा. दर काही मैलांवर एक खाडी सह्याद्रीचा गाळ आणून समुद्रात ओतते. पावसाळ्यात पाणी चहासारखं होतं. ते निळं दिसावं म्हणून रीलमध्ये फिल्टर लावावा लागतो. पावसाळ्यात गेलेला माणूस मग निराश होऊन रिव्ह्यूत लिहितो: ‘वॉटर नॉट क्लीन.’ पाणी अस्वच्छ नव्हतं. ते मालदीवचं नव्हतं, इतकंच.

दुसरा नियम: माणूस दिसता कामा नये. दिसलाच तर पर्यटक, तोही पाठमोरा. ड्रोन इथे कामाला येतो, कारण त्या उंचीवरून माणसं वाळूत विरघळतात. ‘अनटच्ड’, ‘व्हर्जिन’, ‘अनएक्सप्लोअर्ड’ हे शब्द सगळे नकाराचे आहेत. किनाऱ्यावर काय आहे हे ते सांगत नाहीत, काय नाही हे सांगतात. आणि ज्या सुरूच्या बनाशिवाय एकही ‘अनटच्ड’ फ्रेम पूर्ण होत नाही, तो सुरू मुळात ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा. वारा आणि वाळू अडावी म्हणून माणसांनी तो इथे आणून, ओळीत खड्डे खणून लावला. जरा नीट पाहिलं तर रीलमध्येही त्या ओळी दिसतात. निसर्ग इतक्या सरळ रेषेत उभा राहत नाही.

तिसरा नियम मला सर्वांत रोचक वाटतो: ‘जवळची ठिकाणं’. प्रत्येक रिसॉर्टच्या पेजवर ही यादी असते. आरवलीचा वेतोबा, दहा मिनिटं. रेडीचा गणपती, वीस मिनिटं. यशवंतगड, तेवढीच. वेंगुर्ल्याची डच वखार, अर्धा तास. ठिकाणाचं वर्णन म्हणजे ठिकाणाचं माझ्या खोलीपासूनचं अंतर. वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. राखणदार देव, ज्याला पायपीट करावी लागते. यादीत तो ‘टेन मिनिट्स ड्राइव्ह’ झाला आहे.

आता शब्दांकडे. आपण सगळेच ‘बीच’ म्हणतो. मीही म्हणतो, ‘चला पुळणीवर जाऊ’ असं पुण्यात म्हटलं तर लोक काळजीने बघतील. पण मालवणीत पुळण हा रोजचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ नेमका आहे: समुद्रालगतची वाळू, जिथे होडी ओढून ठेवतात, जाळी सुकवतात, मासळी वाळवतात, संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात. पुळण हे घराच्या अंगणासारखं काहीतरी आहे. ते कामाचं ठिकाण आहे. बीच हे बघायचं ठिकाण आहे. दोन्ही शब्द वाळूच्या एकाच पट्टीला लागतात, पण ती पट्टी कुणाची, याचं उत्तर शब्दागणिक बदलतं. वेळागर या नावातही हे सगळं आहे. वेला म्हणजे किनारा, हा संस्कृतातला जुना अर्थ. भरती आणि घड्याळातली वेळ हे अर्थही त्याच शब्दाचे. आणि आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडी, किंवा मीठ पिकवायची जागा. म्हणजे गावाचं नावच सांगतं की इथे माणसं काहीतरी पिकवत होती. पाटीवर मात्र ‘वेळागर बीच’.

मीठ खरंच पिकत होतं. शिरोड्याची मिठागरं जुनी. १९३०च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला, महाराष्ट्रातल्या मोठ्या सत्याग्रहांपैकी एक. लोक लांबून चालत आले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मिठागरात खाडीचं पाणी भरतीच्या वेळी आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात, ऊन त्याला आटवत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. मला शिरोड्याच्या मिठागरावर एक रील सापडलं. वाफ्यांत संध्याकाळचं आकाश पडलं होतं आणि शीर्षक होतं ‘मिरर लेक’. खाली शंभरेक जणांनी विचारलं होतं, ‘लोकेशन प्लीज.’

इथे मला साहित्याकडे वळायचं आहे, कारण माझी मूळ तक्रार तिथून सुरू होते. ज्या पट्टीला रील ‘अनएक्सप्लोअर्ड’ म्हणतं, ती मराठीत सर्वांत जास्त लिहिणाऱ्या माणसांची पट्टी आहे. वि. स. खांडेकर १९२०मध्ये शिरोड्याच्या शाळेत शिकवायला आले आणि १९३८पर्यंत तिथे राहिले. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारा लेखक घडला तो या गावात. शेजारचं आरवली हे जयवंत दळवींचं. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्यात जन्मले. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, याच तालुक्यातल्या बागलांच्या राईतले. एका दिवसाच्या बाइक राइडमध्ये इतके लेखक महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे भेटतील?

यांतलं खानोलकरांचं उदाहरण रीलच्या शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. कोंडुरा ही वायंगणीजवळची खरी जागा. खडकांच्या घळीत लाट घुसते आणि आतून घुमल्यासारखा आवाज येतो. खानोलकरांनी त्या नावाची कादंबरी लिहिली, १९६६ साली. एका माणसाला मिळालेलं वरदान, त्याला जोडलेली ब्रह्मचर्याची अट, आणि त्या अटीखाली पिळवटत जाणारं त्याचं घर, गाव, मन. श्याम बेनेगलांनी १९७८मध्ये तिच्यावर हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम’ असा चित्रपट केला आणि गोष्ट आंध्रच्या किनाऱ्यावर नेली. जागा बदलली तरी गोष्टीतली भीती टिकली. याचं कारण मला असं वाटतं की खानोलकरांचा समुद्र हा देखावा नाहीच. तो दिसतो त्यापेक्षा जास्त ऐकू येतो. जवळच कुठेतरी काहीतरी मोठं, आंधळं हलतं आहे आणि आपण त्याच्या कडेला संसार मांडला आहे, ही जाणीव त्या आवाजातून येते. देव, वासना, पाप हे शब्द तिथे जड वाटत नाहीत, कारण पार्श्वभूमीला ती घरघर सतत चालू असते.

कोंडुऱ्याच्या मी पाहिलेल्या एकाही रीलमध्ये तो आवाज नव्हता. प्रत्येकावर गाणं होतं. जी जागा तिच्या आवाजामुळे जागा आहे, तिथे मूळ आवाज म्यूट करून वर लो-फाय लावलेलं. मला हे या संपूर्ण साहित्यप्रकाराचं सर्वांत नेमकं दर्शन वाटलं. तो खोटं बोलत नाही. लाट खरी आहे, खडक खरा आहे. तो फक्त ती गोष्ट काढून टाकतो जिच्यामुळे तुम्हाला तिथे थोडं अस्वस्थ वाटलं असतं.

पण इथेच थांबलो तर हा लेख ‘जुनं ते सोनं’ छापाचा होईल, आणि ते खरं नाही. आपल्या साहित्यानेही या किनाऱ्यावरची माणसं कमी पुसलेली नाहीत. खांडेकर अठरा वर्षं शिरोड्यात होते, पण त्यांच्या नायक-नायिकांना ध्येयवादाचा जो वारा लागतो तो खाऱ्या वासाचा नाही; त्या कादंबऱ्या कुठल्याही गावात घडू शकल्या असत्या. दळवी अधिक जवळचे. ‘सारे प्रवासी घडीचे’ हे १९६४चं पुस्तक मला आजही जिवंत वाटतं, त्यातली माणसं वात्रट आणि दुःखी एकाच वेळी असतात. पण तेही मुंबईत बसून आठवलेलं गाव आहे. त्याच्या यशानंतर आणि अनुकरणानंतर मराठी वाचकाच्या डोक्यात कोकणी माणसाचा जो साचा बसला, म्हणजे तिरकस, कर्जबाजारी, गप्पिष्ट, फणसासारखा वगैरे, तो साचा ‘अनटच्ड’ या शब्दाइतकाच आळशी आहे. त्यात ओसरी आहे, देऊळ आहे, माडाची वाडी आहे. मासेमारी करणारा गाबीत समाज मात्र बहुतेक वेळा मासळी घेऊन दारात येतो आणि भाव करून निघून जातो. घराची गोष्ट ओसरीवरून सांगितली जाते आणि पुळण मागच्या बाजूला राहते. मुंबईकर लेखकाने गाव आठवणीत रिकामं केलं; ड्रोनने ते वरून रिकामं केलं. दोघांमध्ये प्रतिभेचा फरक प्रचंड आहे, पण पुळणीवरच्या माणसाच्या दृष्टीने पाहिलं तर तो किती उरतो, याबद्दल मला शंका आहे.

उलट, याच फोनवर काही गोष्टी साहित्याने केल्या नाहीत त्या होत आहेत. मालवणीत बोलणारी स्थानिक मुलं-मुली आता भरपूर रील करतात. आजी कोयत्याने नारळ फोडते, बाप जाळं विणता विणता शिव्या घालतो, लिलावात बांगड्याची टोपली किती खाली उतरली ते दिसतं. त्यांतही दिखाऊपणा आहे, ‘येवा, कोकण आपलाच असा’ हे वाक्य हजार वेळा आहे. पण तिथे कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर असतो आणि आवाज बंद केलेला नसतो. खूपदा वारा माइकमध्ये शिरून काही ऐकूच येत नाही. मला ती खरखर आवडते.

हा सगळा वाद निव्वळ शब्दांचा नाही हे मला एका सकाळी कळलं. साडेसहा-सातची वेळ. पुळणीवर रापण चालू होती. रापणीत होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर राहतात आणि मग दोन्हीकडून पंचवीस-तीस माणसं ती ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. तास-दोन तास. यंत्र नाही. मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. कुणी सहज हात लावला तरी त्याला मूठभर मिळते. या पद्धतीला एकच गोष्ट लागते: लांब, मोकळी, अडथळा नसलेली पुळण. म्हणजे रीलमधली रिकामी पट्टी रिकामी का होती, तर ती रापणीसाठी मोकळी ठेवलेली होती.

आमच्या रिसॉर्टमधला एक मुलगा प्री-वेडिंग शूटसाठी आला होता. त्याच्या फोटोग्राफरने ओढणाऱ्यांपैकी एका बाईला विचारलं, अगदी नम्रपणे, ‘मावशी, पाच मिनिटं बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.’ तिने दोरी सोडली नाही. म्हणाली, ‘आमी हंयच असतंव, बाबा.’ आणि ओढत राहिली. शेवटी त्यानेच कॅमेरा वळवला. नंतर त्या जोडप्याने दोरी हातात घेऊन फोटो काढले आणि त्यांना खरंच दोन बांगडे मिळाले.

ही गोष्ट गोड आहे म्हणून मी तिच्यावर फार भरवसा ठेवत नाही. पुळणीवरच्या प्लास्टिकच्या खाटा, छत्र्या आणि बनाना राइडच्या होड्या दरवर्षी थोड्या पुढे सरकतात. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याच दशकात वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी जमीन संपादित झाली आणि तिच्यावरून लोक कितीतरी वर्षं झगडत राहिले. २०२१मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३मध्ये पलीकडे मोपाचा. आता या किनाऱ्याला ‘कुणालाच माहीत नाही’ म्हणणं हे केवळ अज्ञान राहत नाही. जिथे कुणी नाही तिथली जमीन मागायला सोपी असते. ‘अनटच्ड’ हा शब्द रीलमध्ये कौतुकाचा असतो. प्रकल्पाच्या सादरीकरणात त्याचं भाषांतर ‘विनावापर’ असं होतं. पर्यटन नको असं गावात फार कमी लोक म्हणतात, हेही सांगायला हवं. माझ्या खोलीचे पैसे ज्या कुटुंबाला मिळाले त्यांचा मुलगा त्यामुळे मुंबईहून परतला होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की येणाऱ्याला आम्ही दिसलो पाहिजे.

या प्रकाराला दुसरा मार्ग असू शकतो का? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात. होडी वल्ह्यांची, इंजिन नाही. वल्हवणाऱ्याही त्याच आणि सांगणाऱ्याही त्याच. आपण पर्यटक म्हणून या प्रसंगात आयुष्यभर जे ऐकलेलं असतं, म्हणजे अमुक साली अमुक राजाने वगैरे, तसलं तिथे काही नव्हतं. होडी एका झाडापाशी थांबली. पान उलटं करून दाखवलं: मागे मिठाचे कण. चाटून बघा, म्हणाल्या. चाटलं. खारट. चिखलातून वर आलेली पेन्सिलसारखी मुळं श्वास घेतात, ती दाखवली. कोणत्या झाडाच्या सावलीत कोणती मासळी अंडी घालते, कोणत्या भागात खेकडे, कुठे कालवं. मध्येच एकीने दुसरीला घरच्या गॅस सिलिंडरबद्दल विचारलं आणि मग पुन्हा खेकड्यांकडे आली.

मला ते समीक्षेच्या दृष्टीने उत्तम गद्य वाटलं. एकही उपमा नव्हती. कांदळवन कशासारखंच नव्हतं. अंतर मिनिटांत नव्हतं, भरतीच्या पाण्यात होतं: पाणी इथवर आलं की आम्ही थेट जातो, नाही आलं तर वळसा. आणि सांगणारी बाई फ्रेमच्या बाहेर नव्हती, कारण होडी तीच चालवत होती.

मी फोन काढला होता. तीस सेकंदांचं काहीतरी घेतलंही. नंतर खोलीवर येऊन पाहिलं तर चित्र हललेलं, अर्ध्या भागात माझंच बोट. पण आवाज स्वच्छ आला होता. वल्ह्याचा, पाण्याचा, आणि मागून एकीचा, ‘ओहोटी लागली गो, बेगीन चल.’ त्यावर गाणं टाकलं नाही. लाइक अकरा आले. एकाने विचारलं, लोकेशन प्लीज.